कानफाटीचं पहिलं रक्त

नवा फ्रीझर आला तेव्हा प्रयोगशाळेत सगळ्यांना हायसं वाटलं होतं. जुन्यात बर्फ धरायचा. आतल्या भिंतींवर बोटभर थर साचला की दार नीट लागायचं नाही, आणि तो खरवडण्याचं काम सगळ्यांत लहान विद्यार्थिनीच्या, धाकटीच्या गळ्यात पडायचं. नव्यात बर्फ धरतच नव्हता. तो प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी स्वतः जाऊन पसंत केला होता. दुकानदाराने दार उघडून आतली कोरडी, गुळगुळीत भिंत दाखवली आणि बाई भाळल्या. बर्फ का धरत नाही, हे त्यांनी विचारलं नाही. बाईंनी विचारलं नाही म्हणून दुसऱ्या कुणी विचारलं नाही.

कारण साधं होतं. तो घरगुती फ्रीझर होता. असा फ्रीझर अधूनमधून स्वतःला थोडा तापवतो, भिंतीवरचं दव वितळवून टाकतो आणि पुन्हा गार होतो. मटाराच्या पिशव्यांना त्याने काही होत नाही. सीरमच्या, म्हणजे रक्तातल्या नितळ पाण्याच्या, नळ्यांना होतं. रोज थोडं वितळायचं, रोज पुन्हा गोठायचं, असं वर्षभराहून जास्त चाललं. एका सकाळी धाकटीने केलेल्या ब्लॉटमध्ये, म्हणजे सीरम लावल्यावर कागदासारख्या पडद्यावर पट्टी उमटते त्या तपासणीत, काहीच उमटलं नाही.

"पट्टी कुठाय?" बाईंनी विचारलं.

"नाही आली, मॅडम."

"ते मला दिसतंय. का नाही आली?"

"पुन्हा करते."

तिने पुन्हा केलं. पडद्याची मोकळी जागा झाकायची दुधाची पावडर नवी घेतली, रसायनं नवी घेतली, पाणीसुद्धा बदललं. पडदा कोराच राहिला. बाई उठल्या, फ्रीझरपाशी गेल्या, दार उघडून आतल्या भिंतीवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "कोरडी आहे."

"हो."

"तू बर्फ खरवडत होतीस तेव्हा बरं होतं. सगळ्यांना सुख पाहिजे."

"मॅडम, हा तुम्हीच..."

"मी काय?"

"काही नाही."

त्या नळ्यांमध्ये काय होतं, ते सांगायला हवं. डोळ्याच्या भिंगातल्या पेशी जन्मभर त्याच त्या प्रथिनांवर दिवस काढतात. जुनी गेली आणि नवी आली, असं तिथे होत नाही. ऊन, उष्णता आणि वय यांनी ती प्रथिनं विस्कटू लागली की त्यांच्यातलंच एक प्रथिन पुढे होतं आणि विस्कटलेल्यांना धरून ठेवतं, एकमेकांना चिकटू देत नाही. ते पुरेनासं झालं की बाकीच्यांच्या गाठी होतात, भिंग पांढरं पडतं आणि डॉक्टर मोतीबिंदू सांगतात. हे सांभाळणारं प्रथिन भिंगात किती उरलं आहे, हे शोधायला अँटिबॉडी लागते, म्हणजे नेमकं त्यालाच ओळखून चिकटणारं द्रव्य. ती सशाकडून करून घेतात. शुद्ध केलेलं प्रथिन सशाला टोचायचं, सशाच्या रक्तात ती तयार होते, मग कानाच्या शिरेतून रक्त काढायचं आणि त्याचं सीरम वेगळं करून गोठवायचं.

दोन सशांची अँटिबॉडी कधी एकसारखी निघत नाही. बाईंनी त्या वेळी बरेच ससे टोचले होते. बहुतेकांची अँटिबॉडी भिंगातल्या दिसेल त्या प्रथिनाला चिकटायची. एकाच मादीची नेमकी निघाली. पहिल्यांदा रक्त काढताना तिने हिसका दिला होता आणि तिच्या उजव्या कानाची कड फाटली होती, म्हणून तिचं नाव कानफाटी पडलं. तिच्या रक्तावर बाईंनी नाव कमावलं. शेवटी, या कामात करतात त्याप्रमाणे, तिला भूल देऊन तिचं सगळं रक्त काढून घेतलं. त्यानंतर नळ्यांमध्ये होतं तेवढंच जगात होतं. आता नळ्या होत्या, पण आतली अँटिबॉडी मेली होती.

बाईंचं नाव होऊन गेलं होतं. अडकली ती धाकटी. तिचा प्रबंध लिहून झाला होता, पण एका परीक्षकाने तो परत पाठवला होता. सांभाळणारं प्रथिन मोतीबिंदूत कमी होतं, हे तुम्ही उंदरांवर दाखवलंत, आता माणसांच्या भिंगांवर दाखवा, एवढीच त्याची मागणी होती. डोळ्यांच्या रुग्णालयाने शस्त्रक्रियेत काढलेली भिंगं दिलीही होती. ती बर्फात वाट पाहत होती. धाकटी एका कॉलेजात हंगामी शिकवत होती. या सत्रात पदवी मिळाली तर जागा कायम होणार होती, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला देणार होते. प्राचार्यांनी हे तिला चहा पाजून, गोड बोलून सांगितलं होतं.

बाईंनी फ्रीझरचं दार लावलं. "थोरलीकडे एक कुपी आहे," त्या म्हणाल्या. "मीच पाठवायला लावली होती तुला. आठवतंय?"

"तिने केव्हाच संपवली असेल, मॅडम."

"वापरून बघितली, काही आलं नाही. अशी वस्तू माणूस संपवत नाही, कोपऱ्यात सारतो. जा, घेऊन ये."

धाकटीने मान हलवली. त्या कुपीत काय आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुपी तिनेच भरली होती.

थोरली ही बाईंची पहिली विद्यार्थिनी. धाकटी आली तेव्हा थोरली पदवी घेऊन दुसऱ्या संस्थेत निघाली होती, पण प्रयोगशाळेतून ती गेली असं कधी वाटलंच नाही. "थोरली असती तर दुपारपर्यंत झालं असतं." "थोरलीचा ब्लॉट काढ आणि शेजारी ठेवून बघ." "तिचा हात आणि तुझा हात, दोन्ही हातच म्हणायचे." बाईंचं हे असं चालायचं, आणि बोलताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. धाकटी थोरलीला तेव्हा जेमतेम ओळखत होती. एका सुनेने आधीच्या सुनेचं कौतुक ऐकत भांडी घासावीत, तसं तिने ते ऐकून घेतलं.

मग थोरलीचं पत्र आलं. नव्या संस्थेत तिला माणसांच्या भिंगांवर काम करायचं होतं, त्यासाठी कानफाटीची एक कुपी मिळेल का. ज्याच्यावर निबंध छापला ती वस्तू मागणाऱ्याला द्यायची, हा या धंद्याचा रिवाज. बाई तो कसोशीने पाळत. "चांगली भरून दे," त्यांनी धाकटीला सांगितलं. "कंजुषी करू नकोस."

धाकटीला कळत होतं की थोरली हे काम चार महिन्यांत उरकेल आणि मग आपल्या प्रबंधात सांगायला काही उरणार नाही.

ससा टोचण्याच्या आधी त्याचं थोडं रक्त काढून ठेवतात. त्यात ती अँटिबॉडी नसते. पडद्यावरची पट्टी खरोखर अँटिबॉडीने आली की सशाच्या अंगातल्याच कशाने, हे पडताळायला ते लागतं. बाईंच्या प्रयोगशाळेत त्याला पहिलं रक्त म्हणत. कानफाटीचं पहिलं रक्त शेजारच्याच डब्यात होतं. रंग तोच, गवताच्या काडीसारखा फिका पिवळा. डोळ्याने फरक कळायचा नाही. धाकटीने त्या डब्यातली नळी घेतली, थोरलीच्या कुपीत ओतली, वर नीट अक्षरात अँटिबॉडीचं नाव लिहिलं आणि कोरड्या बर्फात घालून पाठवून दिली. कंजुषी केली नाही. कुपी काठोकाठ भरली होती.

थोरलीच्या ब्लॉटवर अर्थातच काही आलं नाही. तिने पुन्हा पुन्हा केलं. मग परिषदेत बाईंचं भाषण झाल्यावर ती उठली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली की मॅडम, तुमच्याकडून आलेल्या अँटिबॉडीने माझ्याकडे पट्टी येत नाही, काही वेगळं करावं लागतं का. एकांतात विचारलं असतं तर निभावलं असतं. तिने भर सभेत विचारलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "वेगळं काही नाही. हात लागतो. मी तुला सगळं दिलं, तेवढा देता आला नाही."

सभागृह हसलं. धाकटी तिसऱ्या रांगेत होती. तीही हसली, कारण शेजारचे हसत होते.

त्या वर्षाअखेर थोरलीच्या संस्थेने तिची मुदत वाढवली नाही.

आता थोरली रक्त-लघवी तपासणीच्या एका केंद्रात होती. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणारा. आत गुळगुळीत बाकं, भिंतीवर डास मारायचं यंत्र आणि काउंटरमागे थोरली. धाकटी गेली तेव्हा एक गृहस्थ तिच्यापुढे बाटली ठेवत होते.

"काका, अर्धी पुरे होती," थोरली म्हणाली. "स्पर्धा नाहीये."

काका ओशाळून हसले. थोरलीने बाटलीवर चिठ्ठी डकवली, हातमोजे काढले आणि धाकटीकडे पाहिलं. तिला ओळखायला वेळ लागला नाही.

"ये ग. बस. किती वाळलीस. अजून तिथेच?"

"तिथेच, ताई."

"म्हणजे वाळणारच. बाई कशा आहेत?"

"आहेत तशाच."

"म्हणजे बऱ्या आहेत." थोरलीने तिला चहा मागवला. फ्रीझरची हकिगत ऐकून तिला हसू आवरेना. "घरगुती? बाईंनी? अग, मी एकदा नळी दोनदा वितळवली म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या."

"तुझ्याकडची कुपी आहे का, ताई? मला तेवढी मिळाली तर माझं निभेल."

थोरलीचं हसू हळूहळू ओसरलं. ती आत गेली आणि तपासणीच्या सामानाच्या फ्रीझरमधून एक कुपी घेऊन आली. त्या फ्रीझरला दोन बोटं बर्फ धरलेला होता. कुपीवर धाकटीचंच अक्षर होतं.

"यात काही नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे? खराब झालीय?"

"खराब असती तर वाईट वाटलं नसतं. चांगली आहे. सशाची कुठलीही अँटिबॉडी दाखवणाऱ्या रसायनाने, कागदावर थेंब टाकून मी बघितलंय. सशाची अँटिबॉडी आहे, भरपूर आहे, जिवंत आहे. फक्त आपल्या प्रथिनाची नाही. हे टोचण्याआधीचं आहे. कानफाटीचं पहिलं रक्त."

धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. "असं कसं होईल?"

"होत नाही. करावं लागतं. बाईंनी केलं."

इथे धाकटीला बोलता आलं असतं. काउंटरवर कुणी नव्हतं, बाहेर किल्लीवाल्याची कानस चालली होती, आणि थोरली तिच्याकडे बघतही नव्हती. ती म्हणाली, "बाई असं करतील?"

"मलाही पटत नव्हतं. मी त्यांच्या घरी जेवलेय, त्यांच्या आजारपणात रात्री जागलेय. म्हणून तर सभेत विचारलं. वाटलं, चूक झाली असेल, लाज वाटेल, दुसरी कुपी देतील. तर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? होतीस तू तिथे."

"होते."

"मग सांग. करतील की नाही?"

"बाईंचं काही सांगता येत नाही, ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान डोलावली. कुणीतरी आपल्या बाजूने बोललं, याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तिने थर्मासात बर्फ भरला, कुपी त्यात खोचली आणि फोन उचलला. बाईंचा नंबर तिला पाठ होता.

"मॅडम, मी बोलतेय. हो, तीच. धाकटी आलीय, कुपी तिच्याबरोबर देते. नितळ आहे, बर्फात आहे, मी बघून देतेय. ब्लॉट तुम्ही स्वतः करा, तेवढी विनंती. आणि कागदावर एक थेंबही टाकून बघा. म्हणजे कळेल." पलीकडून काहीतरी छोटंसं बोललं गेलं. थोरली "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"'पाठव' म्हणाल्या. बाकी काही नाही." ती थर्मासचं झाकण घट्ट करत होती. "इतकी वर्षं फेकवत नव्हती बघ. आता त्यांचं त्यांना जाऊ दे."

प्रयोगशाळा बंद व्हायच्या आत पोहोचणं शक्य नव्हतं. धाकटी थर्मास घेऊन घरी आली आणि सकाळपर्यंत तिने विचार केला.

बाई ब्लॉट करतील, कोरा निघेल. त्याची अडचण नव्हती, कारण खराब कुपीही कोरीच निघाली असती. अडचण थेंबाची होती. कागदावर थेंब टाकला की सशाची अँटिबॉडी जिवंत असल्याचं दिसेल, आणि मग पहिलं रक्त कुणी भरलं एवढाच प्रश्न उरेल. तेव्हा ती मारायला हवी होती. रात्रभर बाहेर ठेवून ती मरत नाही, चिवट असते. थोडं तापवायला हवं, हात बुडवला तर चटका बसेल इतपत. फार तापवलं तर अंड्यासारखं थिजेल आणि कुणालाही कळेल. बेतात तापवलं तर नितळ राहील, आतून मरेल, आणि दोष थोरलीच्या फ्रीझरवर जाईल.

सकाळी तिने स्टीलच्या पेल्यात नळाचं गरम पाणी घेतलं, बोट बुडवून अंदाज घेतला, कुपी त्यात उभी केली आणि पेला ओट्यावर ठेवला. दारावरची घंटा वाजली. तिने दूध घेतलं, सुटे पैसे शोधण्यात बराच वेळ घालवला आणि परत आली. तेवढ्यात आई स्वयंपाकघरात आली होती. आईच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती, दुसऱ्याची इतक्यात करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. घरात ती भिंतींना बोटं लावत चालायची.

"तुझं पाणी गार झालं होतं ग," आई म्हणाली. "घशासाठी घेतलं होतंस ना? मी किटलीतलं कढत ओतलंय वरून. बशी झाकून ठेवलीय."

धाकटीने बशी उचलली. वाफ वर आली. कुपी पाण्यात आडवी झाली होती. तिने चिमट्याने ती काढली आणि उजेडात धरली. फिका पिवळा रंग गेला होता. आतलं सीरम पांढरं, घट्ट, अपारदर्शक झालं होतं. कुपी उलटी केली तरी ते हललं नाही. रुग्णालयातून आलेली भिंगं अशीच दिसत. प्रथिनं विस्कटतात, धरून ठेवणारं कुणी नसतं, गाठी होतात. हे तिने प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

"अंडं उकडत होतीस का?" आईने विचारलं. "मला वाटलं, नुसतं पाणीच आहे."

"आंधळी आहेस का तू?"

आईचा हात ओट्याची कड शोधत होता, तो थांबला.

"अर्धी आहे," ती म्हणाली. "तू एवढी वर्षं डोळ्यांवरच काम करतेस ना, म्हणून मला वाटतं, तुला आठवत असेल."

रिकाम्या हाताने गेलं तर बाई थोरलीलाच फोन लावतील, हे धाकटीला दिसत होतं. तिने थर्मासात नवा बर्फ भरला, कुपी पुसून त्यात ठेवली आणि आईला दूध तापवायला सांगून निघाली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी ब्लॉटची तयारी करून ठेवली होती. भांडी मांडलेली, कागदाचे तुकडे कापलेले, हातमोजे घातलेले. त्यांनी स्वतः काम करायला बसण्याला बरीच वर्षं लोटली होती. थर्मास उघडून त्यांनी कुपी काढली, उजेडात धरली, तिरपी केली, मग उलटी केली.

"हे काय?"

"तिने असंच दिलं, मॅडम."

"असंच?"

"हो. मला वाटलं, गोठलंय म्हणून पांढरं दिसतंय."

"बर्फात होतं?"

"बर्फातच होतं."

"बर्फात उकडलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कुपी टेबलावर आडवी ठेवली आणि एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. "नितळ आहे म्हणाली होती ती. मी बघून देतेय म्हणाली."

"खोटं बोलली असेल. तिला तुमचा राग आहे, मॅडम. तुम्ही मुद्दाम तिला पहिलं रक्त दिलंत, असं ती म्हणत होती."

"आणि तू काय म्हणालीस?"

धाकटीने थर्मासचं झाकण लावलं.

"मी दिलं नाही," बाई म्हणाल्या. "तू दिलंस. परिषदेहून आले त्याच दिवशी मी दोन्ही डबे काढून बघितले. कानफाटीच्या पहिल्या रक्ताची एक नळी कमी होती, आणि अँटिबॉडीच्या सगळ्या जागच्या जागी होत्या."

बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. तिची चाकं फरशीच्या सांध्यांवर अडखळत गेली.

"तुम्हाला तेव्हापासून माहीत आहे?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं? भर सभेत त्या पोरीला हात नाही म्हणून आले होते. आता परत जाऊन सांगू, की हात तिला आहे, माझ्या घरात चोर आहे?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्या हिशोब समजावून सांगत असाव्यात तशा बोलत होत्या. "तिला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुला काढून मला काय मिळालं असतं? थोरली हुशार होती, ती कधीही उठून जाणार होती आणि गेलीच. तुला कुठे जाता येणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. असं माणूस प्रयोगशाळेत लागतं."

"मग काल मला तिच्याकडे कशाला पाठवलंत? कुपीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं."

"खरं सांगतेस का ते बघायला." त्या थांबल्या आणि जरा विचार करून म्हणाल्या, "नाही, तेही नाही. तू जाशील का, एवढंच बघायचं होतं. गेलीस. वर हे घेऊन आलीस."

त्यांनी पेन पुढे सरकवलं. "लिही तिला. कुपी मिळाली. आतला द्रव पूर्ण थिजलेला होता. साठवण नीट न झाल्यामुळे तपासणी करता आली नाही. यापुढे नमुने हाताळताना काळजी घ्यावी."

"'यापुढे' लिहू?"

"लिही."

"तिच्याकडे आता नमुने कुठले, मॅडम?"

"लघवीचे असतील ना? लिही. सही तुझी."

धाकटीने लिहिलं. अक्षर नीट आलं. बाईंनी वाचलं, घडी घातली आणि कागद पाकिटात सारला.

"मॅडम," धाकटी म्हणाली, "परीक्षकांचं काय करायचं? तुम्ही चार ओळी लिहिल्यात तर ते माणसांच्या भिंगांची अट सोडतील. तुमचं ऐकतात ते."

"सोडतील," बाई म्हणाल्या. "पण प्रश्न बरोबर विचारलाय त्यांनी. त्याचं उत्तर द्यायला हवं. मी ससे मागवलेत."

"सशांना वर्ष जाईल. माझी जागा..."

"वर्षही जाईल, किंवा जास्त. आणि प्रत्येक ससा कानफाटी निघत नाही." त्यांनी उकडलेली कुपी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "जुना फ्रीझर गोदामात आहे, तो वर आणून घे. आल्यावर बर्फ खरवड."

थोरलीचा फोन आठवड्याने आला, बाईंना नाही, धाकटीला. धाकटी तेव्हा कॉलेजातलं आपलं कपाट रिकामं करत होती. तिच्या जागी आलेला मुलगा दाराबाहेर सभ्यपणे थांबला होता.

"पत्र मिळालं," थोरली म्हणाली. "तुझी सही आहे, पण वाक्य बाईंचं आहे, ते मला कळतं. 'यापुढे काळजी घ्यावी'. उकडून टाकली ना त्यांनी? कागदावर थेंब टाकायला नको म्हणून?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगू नकोस," थोरली म्हणाली. "तुला तिथे राहायचंय. तुझ्यासमोर केलं असेल आणि वर तुलाच लिहायला लावलं असेल. मला माहितेय ग. तुझा काही दोष नाही. जीव सांभाळून राहा तिथे. आणि कधी काही लागलं तर ये माझ्याकडे, संकोच करू नकोस."

"हो, ताई," धाकटी म्हणाली.

ससे आले ते पांढरे होते, टोपलीएवढ्या पिंजऱ्यांत एकेक. बाई स्वतः खाली आल्या आणि स्टुलावर बसल्या. टोचण्याआधीचं रक्त धाकटीने काढायचं आणि नळ्यांवर नावं बाईंनी लिहायची, असं आता ठरलं होतं. धाकटीने पहिल्या मादीला कापडात गुंडाळलं, काखेत दाबलं, कानावरची लव कातरली, शीर वर येईपर्यंत कान बोटांनी चोळला. मादीने हिसका द्यायला अंग आखडलं.

"घट्ट धर," बाई म्हणाल्या.

तिने घट्ट धरलं. कान फाटला नाही. रक्त नळीत थेंब थेंब उतरू लागलं, आणि नळी भरली तशी तिने ती बाईंच्या हातात दिली.